हसू कुणावर पडतंय, ते आधी बघा

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या दुसरीच्या वर्गात ऊसतोडीच्या टोळीबरोबर बीडकडून आलेली पाच मुलं नोव्हेंबरपासून बसतात. त्यातला एक मुलगा बोलताना अडखळतो. बाकीची पोरं हसायला लागली म्हणून तुम्ही एक गमतीचं चित्रपुस्तक वाचून दाखवलंत. त्यात एक अडखळत बोलणारा बेडूक होता. दुसऱ्या दिवसापासून वर्ग त्या मुलाला 'बेडक्या' म्हणायला लागला. शेजारच्या वर्गावरचे सर म्हणाले, हसण्याची पुस्तकं बंद करा, डोळ्यांत पाणी येईल अशी गोष्ट सांगा, म्हणजे पोरांना दया येईल. आणि तुम्ही विचारलंय की पुस्तक चुकलं, मी चुकले, की विनोदाचा मार्गच चुकीचा?

सांगली जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी सत्तावीस वर्षं आहे. बहुतेक काळ पहिली-दुसरीलाच शिकवलं. माझं उत्तर असं की मार्ग बरोबर आहे, पुस्तक चुकीचं निवडलं गेलं, आणि वर्गात नेण्याआधी त्यात एक गोष्ट तपासायची राहून गेली. ती माझ्याकडूनही राहिली होती. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी आजचं काम. 'बेडक्या' हे नाव थांबवायला कुठलंही पुस्तक नको, ते तुम्हीच थांबवायचं. सगळ्या वर्गासमोर त्या मुलाला उभं करून भाषण देऊ नका, त्यानं तो दुसऱ्यांदा उघडा पडतो. नाव पाडणारी दोन-तीनच पोरं असतात आणि ती कोण हे आपल्याला माहीत असतं. त्यांना एकेकट्याला बाजूला घ्या. आवाज न चढवता सांगा की या वर्गात ज्याला जे नाव आवडतं त्याच नावानं त्याला हाक मारायची. हे उद्या सांगावं लागेल, परवा सांगावं लागेल, पुढच्या सोमवारी पुन्हा सांगावं लागेल. ते पुस्तक दोन महिने कपाटात ठेवा. आणि आपण मोठी माणसं शाळेत काय बोलतो तेही जरा कान देऊन ऐका. 'ए जाड्या, सरक तिकडं', 'अगं काळे, इकडं ये', 'हा बोलायला तोतरा, पण गणितात हुशार'. प्रेमानंच म्हणतो आपण. मीही म्हटलेलं आहे. पण पोरं असली नावं पुस्तकातून कमी आणि आपल्या तोंडून जास्त उचलतात.

आता माझी चूक. तासगाव तालुक्यातल्या एका शाळेवर असताना मी एक हत्तीणीचं पुस्तक वाचून दाखवलं होतं. ती झोपाळ्यावर बसली की झोपाळा तुटतो, खाटेवर बसली की खाट मोडते, होडीत बसली की होडी बुडते. शेवटी सगळे प्राणी तिला मिठी मारतात आणि 'तू जशी आहेस तशी आम्हाला आवडतेस' म्हणतात. मला वाटलं, स्वीकाराची यापेक्षा चांगली गोष्ट कुठली! पण खाट मोडल्यावर वर्गातल्या सगळ्या माना एकदम वळल्या त्या तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीकडे. तीही हसली, सगळ्यांत मोठ्यानं हसली. म्हणून मला काही कळलं नाही. दोन दिवसांनी खिचडीच्या रांगेत ती नव्हती. विचारलं तर म्हणाली, 'भूक न्हाई.' तिसऱ्या दिवशीही भूक नव्हती. शेवटच्या पानावरची मिठी तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. पोहोचली होती ती मोडलेली खाट.

तेव्हापासून कुठलंही गमतीचं पुस्तक वर्गात नेण्याआधी मी ते घरी मोठ्यानं वाचते आणि त्यातल्या पात्राचं वेगळेपण मनातल्या मनात काढून टाकते. हत्तीण बारीक आहे असं धरलं तर गोष्टीत हसण्यासारखं काय उरतं? काहीच नाही. म्हणजे त्या पुस्तकातलं सगळं हसू तिच्या अंगावरच पडत होतं, शेवटी कितीही गोड बोललं तरी. तुमच्या बेडकाचंही तेच झालं असणार. तो अडखळतो, आणि अडखळतो हीच गंमत.

आता फक्त प्राणी बदलून, तेच अडखळणं घेऊन हसू दुसरीकडे कसं वळतं बघा. समजा एक खार आहे. तिनं झाडाखाली साप पाहिलाय आणि ती सगळ्यांना सांगायला आलीय. ती 'सा... सा...' म्हणते तोवर माकड ओरडतं, 'साखर! साखर पायजे हिला!' आणि पळत जाऊन साखर घेऊन येतं. ती पुन्हा 'सा...' म्हणते. ससा धावतो आणि साबण आणतो. मग कुणी सायकल आणतं, कुणी साडी. खारीभोवती सामानाचा ढीग लागतो आणि साप मागच्या चित्रात हळूहळू जवळ येत असतो. पोरं इथं पोट धरून हसतात, पण हसतात ती त्या उतावळ्या माकडाला. खारीच्या बाजूनं वर्ग ओरडायला लागतो, 'अरं थांब की! तिला बोलू दे की!' जे वाक्य तुम्हाला वर्गाला दहा वेळा सांगावं लागलं असतं, ते वर्ग स्वतःहून म्हणतो. आणि अडखळणाऱ्या मुलाला हा प्रसंग रोजचा ओळखीचा असतो. कारण बोलताना अडखळणाऱ्याला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होत असेल, तर समोरचा त्याचं वाक्य आपणच पुरं करतो याचा. ही गोष्ट हवी तर उद्याच तोंडी सांगा, फळ्यावर चित्रं काढून. तुमच्या वर्गात सध्या बेडूक मात्र नको.

आणखी एका प्रकारच्या पुस्तकाशी माझं भांडण आहे. सगळे ज्याला हसायचे तो शेवटी आगीतून किंवा पुरातून सगळ्यांना वाचवतो आणि मग त्याला आपल्यात घेतलं जातं. अशा गोष्टी भरपूर आहेत आणि वाचायला छान वाटतात. पण ज्या मुलाला हसलं जातं त्याच्या कानात काय जातं? आधी पराक्रम करून दाखव, मग रांगेत जागा मिळेल. तुमच्या त्या मुलानं कुणालाही वाचवायची गरज नाही. तो दुसरीत आहे. त्याला रांगेत जागा आजच, काही न करता मिळायला हवी. मला आवडतात ती पुस्तकं ज्यात चाकाच्या खुर्चीतली मुलगी बाकीच्यांबरोबर कैऱ्या पाडायला जाते आणि पकडली जाते, किंवा कानात यंत्र असलेला मुलगा घरातली कटकट सुरू झाली की गुपचूप यंत्र बंद करून टाकतो. गोष्ट कैरीची असते, खुर्चीची नसते. खुर्ची फक्त चित्रात असते. वेगळ्या मुलाला शहाणं आणि गरीब गाय करून ठेवणारी पुस्तकं मुलांना खरी वाटत नाहीत. खोडी काढणारं मूल त्यांना लगेच आपलं वाटतं.

शेजारच्या सरांच्या सल्ल्याबद्दल. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मी तो मार्ग चालून पाहिलेला आहे. एका वर्षी पायानं अधू असलेली एक मुलगी वर्गात आली. मी तशाच एका मुलीची दुःखी गोष्ट सांगितली. वर्ग रडला, मीही रडले. मधल्या सुट्टीत प्रत्येकानं आपल्या डब्यातलं काहीतरी तिला नेऊन दिलं. आणि मग सगळे तिला पायरीवर बसवून लंगडी खेळायला गेले. तिच्या मांडीवर सात-आठ घरांतल्या चपात्यांचे तुकडे, आणि ती एकटी. कीव वरून खाली येते, आणि खाली बसलेल्याला ती नेमकी कळते. समानुभूती हा पुस्तकी शब्द आहे. आमच्या पोरांच्या भाषेत सांगायचं तर 'त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळणं'. त्यासाठी रडावं लागत नाही. आणि इथं हसण्याचा उपयोग रडण्यापेक्षा जास्त होतो. तो कसा, ते जरा सविस्तर सांगते, कारण सगळी गंमत इथंच आहे.

१९८३ साली हाइंत्स विमर आणि योसेफ पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा आपलं चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठं शोधेल? तीन वर्षांची मुलं म्हणतात, नव्या कपाटात. कारण चॉकलेट तिथं आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं, आणि आपल्याला जे माहीत ते सगळ्यांनाच माहीत असं त्यांना वाटतं. चार-पाच वर्षांच्या पुढे मुलं 'जुन्या कपाटात' म्हणायला लागतात. माझ्या डोक्यातलं आणि दुसऱ्याच्या डोक्यातलं वेगळं असू शकतं, हे तेव्हा उमगायला लागलेलं असतं. हा प्रयोग मी पहिलीच्या वर्गात रव्याचा लाडू आणि दोन डबे घेऊन करते. जून महिन्यात वर्गात दोन्ही उत्तरं येतात आणि त्यावरून पोरांची जोरदार भांडणं होतात. ती भांडणं ऐकण्यासारखी असतात.

चांगलं गमतीचं चित्रपुस्तक हा प्रयोग पानापानावर करत असतं. शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच दाखवतं. शब्दांत लिहिलंय, 'आजीनं सगळं घर धुंडाळलं, मांजर कुठंच नव्हतं.' चित्रात कणगीच्या मागून शेपटी बाहेर आलीय. तीन वर्षांचं मूल इथं हसतं ते शेपटीला. सहा वर्षांचं हसतं ते आजीला ठाऊक नसण्याला. हे दुसरं हसू मला हवं असतं. त्या हसण्यात मूल एका क्षणात आजीच्या डोळ्यांनी बघून परत आपल्या डोळ्यांनी बघतं. कुणी सांगितलं म्हणून नाही, हसायला मिळतं म्हणून. 'आवं आज्जे, मागं बघ की!' असं जे पोर ओरडतं, त्यानं आजीच्या डोक्यात काय नाही हे ओळखलेलं असतं. एका पुस्तकात हे आठ-दहा वेळा होतं. पोरं तेच पुस्तक पुन्हा मागतात, म्हणजे शंभरदा होतं. दुःखी गोष्ट शंभरदा कोण मागतं?

म्हणून पुस्तक निवडताना चित्रं आधी बघा, शब्द नंतर. 'राजू झाडाखाली बसला' असं लिहून झाडाखाली बसलेला राजू दाखवणारी पुस्तकं वाचनाच्या सरावाला ठीक, पण या कामाला फारशी उपयोगी नाहीत.

वाचायचं कसं? तुमचा पट तीसच्या घरात आणि पुस्तक एकच, म्हणजे मागच्या पोरांना चित्र दिसणार नाही, आणि चित्र दिसलं नाही तर सगळंच गेलं. मी वर्गाचे दोन भाग करते. अर्धी पोरं माझ्यासमोर अर्धवर्तुळात, अर्धी मातीकाम किंवा चित्र करत बाहेर व्हरांड्यात. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. टीव्हीवर दाखवता येतं, पण पान उलटायच्या आधीचा जो क्षण असतो तो हातात पुस्तक असल्याशिवाय नीट जमत नाही. त्या क्षणी थांबायचं. बोलायचं नाही. पान अर्धं उचलून ठेवायचं. पुढं काय होणार हे पोरांनी ओरडून सांगेपर्यंत.

पहिल्या दिवशी फक्त हसायचं, एकही प्रश्न नाही. विनोद समजावून सांगायचा नाही, ज्याला कळला नाही त्याला शेजारचा सांगतो. आणि 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' हा प्रश्न कधीच नाही. तो विचारला की वर्ग एका सुरात 'कुणाला चिडवू नये' म्हणतो आणि मधल्या सुट्टीत चिडवतो. त्यांनी उत्तर दिलेलं असतं, काम संपलेलं असतं. 'तू त्याच्या जागी असतास तर काय केलं असतंस?' हाही प्रश्न मी सोडून दिला. ऐकायला चांगला वाटतो, पण मूल आपल्या तोंडाकडे बघून आपल्याला आवडेल तेच सांगतं. तिसऱ्या-चौथ्या वाचनाला मी साधे प्रश्न विचारते. इथं आजीला काय दिसतंय? आपल्याला दिसतंय पण तिला दिसत नाही असं काय आहे? मांजराला माहीत आहे का आपली शेपटी दिसतेय ते? आता ते काय करंल? या प्रश्नांना बरोबर-चूक नसतं, पण उत्तर देण्यासाठी दुसऱ्याच्या डोक्यात शिरावंच लागतं. मग एखाद्या दिवशी खेळताना भांडण झालं की तोच प्रश्न विचारायचा, 'त्याला तिकडून काय दिसलं?' पोरांना तो ओळखीचा वाटतो. त्यात शिक्षा नसते, म्हणून ती खरं सांगतात.

आपल्या घराघरांत सांगितली जाणारी चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पावसात कावळ्याचं घर वाहून जातं. तो दार वाजवतो आणि चिमणी म्हणत राहते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब, तीट लावू दे. काही घरांत तर शेवटी कावळ्याला तापल्या तव्यावर बसवतात. पिढ्यान्‌पिढ्या पोरं या गोष्टीत कावळ्याला हसत आली. मीही हसत आले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांवर आहे, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी तेव्हा पलूस तालुक्यात नदीकाठच्या शाळेवर होते. पाणी ओसरल्यावर शाळा भरली तेव्हा वर्गातल्या पेटीतली पुस्तकं चिखलाचे गोळे झाली होती. वाचायला काही नव्हतं म्हणून पहिलीला तोंडी चिऊ-काऊ सांगायला घेतली. 'शेणाचं घर गेलं वाहून' इथं दरवर्षी हशा पिकतो. त्या वर्षी कुणी हसलं नाही. मी गप्प झाले. मग एक मुलगा म्हणाला, 'मॅडम, आमच्यात पण पाणी आल्तं. आमी आत्याच्यात गेल्तो. आत्यानं लगीच दार उघडलं.' दुसरी म्हणाली, 'मग ह्या चिमणीला एवढा उशीर का लागतोय?'

त्या प्रश्नावर आठवडाभर वर्ग चालला. पोरांनी गोष्ट फिरवली. चिमणी म्हणते, थांब, तीट लावतीय. कावळा थांबतो. थांब, आणखी तीट लावतीय. थांब, गालाला लावतीय, कपाळाला लावतीय, पाठीला लावतीय. शेवटी पिल्लू तिटेनं एवढं काळं होतं की चिमणीला ते कावळ्याचं पोर वाटतं, आणि ती त्याला दाराबाहेर ठेवून बाहेरच्या कावळ्याला आत घेते! त्या जागी पोरं लोळून हसायची. मग घरात म्हैस येते, तिचं रेडकू येतं, शेळ्या येतात, आणि कौलावर कोंबडी घेऊन बसलेला एक हट्टी आजोबा येतो जो 'मी न्हाई येणार' म्हणत म्हणत सगळ्यांत आधी पंगतीला बसतो. तो आजोबा आमच्याच गावातला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या नातवानंच तो काढला होता. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या पानांवर आम्ही ती गोष्ट चित्रांसकट उतरवली, सुई-दोऱ्यानं शिवली. कावळ्याला मी त्यांना हसू नका म्हटलं नव्हतं. त्यांनीच हसू उचलून चिमणीच्या सबबींवर नेऊन ठेवलं.

तुमच्या मुलासाठी आता एक नेमकी गोष्ट. जी पुस्तकं पालुपदाची असतात, म्हणजे दर दोन पानांनी तीच ओळ परत येते, ती जास्त घ्या आणि ती ओळ सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायची असा नेम करा. अडखळत बोलणारी बहुतेक माणसं इतरांबरोबर एका सुरात म्हणताना अडखळत नाहीत, हे वाचाउपचारात पक्कं माहीत असलेलं आहे. गाताना तर अडखळणं जवळजवळ जातंच. 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणणाऱ्या तीस आवाजांत त्याचा आवाज मोकळा सुटेल आणि हसण्याच्या कामात तो बरोबरीनं असेल. शिवाय त्या म्हातारीच्या गोष्टीत हसू वाघावर पडतं, दुबळ्या म्हातारीवर नाही. आपल्या जुन्या गोष्टींत असं पुष्कळ चांगलं आहे. त्याला एकट्याला उभं करून वाचायला मात्र लावू नका, तो स्वतः हात वर करेपर्यंत. आणि त्यानं हात वर केला तर कितीही वेळ लागो, त्याचं वाक्य त्यालाच संपवू द्या. तुम्ही कशा थांबता ते सगळा वर्ग बघत असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा त्याचं नाव आवर्जून सांगा आणि आई-वडिलांशी बोला. ती पहाटे उसाच्या फडावर जातात आणि अंधार पडल्यावर कोपीवर, म्हणजे आपल्या झोपडीवर येतात, म्हणून भेटायला आपल्याला कोपीवर जावं लागतं.

बाकीच्या चार मुलांच्या बोलण्यालाही तुमची पोरं हसत असणार. तुम्ही लिहिलं नाहीत, पण हसतात. आमच्याकडे 'का रं' म्हणतात, ती 'कामून' म्हणतात, एवढंही पुरतं. यावर माझ्या हाताशी सगळ्यांत चांगलं साधन म्हणजे बिनशब्दांची चित्रपुस्तकं. फक्त चित्रं, एकही अक्षर नाही. जत तालुक्यात असताना, जिथं कितीतरी मुलं घरी कन्नड बोलतात आणि शाळेत मराठी, तिथं मला त्यांची किंमत कळली. शब्दच नाहीत, म्हणजे कुणाची भाषा चुकीची ठरत नाही. ज्याला वाचता येत नाही तोही गोष्ट सांगू शकतो, आणि पुष्कळदा तोच सगळ्यांत चांगली सांगतो, कारण तो चित्र नीट बघतो. वाळवा तालुक्यात एकदा अशाच एका पुस्तकात बैलगाडीचं चित्र होतं, गाडीवर उसाच्या मोळ्या. गावातली पोरं भराभर सांगत गेली. बीडकडची एक मुलगी, जी दोन महिने वर्गात बोलली नव्हती, ती चित्राकडे बघून म्हणाली, 'अशी मोळी बांधली तर वाटंतच सुटंल. मुकादम लई बोलंल.' आणि ती टोळीच्या मुकादमासारखी कमरेवर हात ठेवून बोलून दाखवायला लागली. वर्ग हसून हसून बेजार. दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या रानातून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे आणून तिनं पोरांना मोळी बांधायला शिकवली, आणि ज्यांच्या बापाची उसाची शेती आहे त्यांच्या मोळ्या सुटत होत्या. त्या हसण्यात ती मध्यभागी होती, पण हसू तिच्यावर पडत नव्हतं.

पुस्तकं कुठून आणायची? पैशांची फार अडचण नाही. नॅशनल बुक ट्रस्टची आणि प्रथम बुक्सची मराठी चित्रपुस्तकं स्वस्त असतात. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत भरपूर गोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या, उतरवून छापायलाही परवानगी आहे. तिथं कुणीही गोष्ट टाकू शकतं, त्यामुळे भाषांतरं काही ठिकाणी कच्ची आहेत, आधी स्वतः वाचून घ्या. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रं मला आवडतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, पण ते थोड्या मोठ्या मुलांसाठी. सहल काढणार असाल तर पाचगणीजवळच्या भिलारला न्या. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे, घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत आणि पोरं पाहिजे तितका वेळ पालथी पडून वाचू शकतात. पंधरा-वीस चांगली पुस्तकं वर्षभर पुरतात. शंभर पुस्तकं एकेकदा वाचण्यापेक्षा पंधरा पुस्तकं पोरांना पाठ होईपर्यंत वाचलेली बरी.

यानं चिडवणं कायमचं थांबेल असं मी म्हणणार नाही. माझ्या वर्गातही पोरं चिडवतात. पण वर्षाच्या शेवटी शेवटी एक फरक दिसतो. कुणी कुणाला हसलं की तिसरं एखादं पोर 'ए, त्याला बोलू दे की' म्हणतं, आणि ते पोर बहुतेक वेळा मला अपेक्षित नसलेलं असतं.

मार्चच्या आसपास कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे उसाचा हंगाम संपेल, आणि तुमची ही पाच मुलं एखाद्या पहाटे निघून जातील, बरेचदा निरोप न घेता. त्याआधी, फेब्रुवारीतच, वर्गाचं एक पुस्तक करून घ्या. गोष्ट तीच खारीची घ्या, पोरं त्यात 'सा'वरून आणखी दहा वस्तू घालतील. माकड कुणी काढायचं, साप कुणी काढायचा ते त्यांनाच ठरवू द्या. खार मात्र आपण होऊन त्या मुलाच्या वाट्याला देऊ नका, त्यानं मागितली तर द्या. झेरॉक्सवर प्रती काढा आणि पाचही जणांच्या दप्तरात एकेक प्रत ठेवा. शिवताना मागे चार-सहा कोरी पानं जोडा आणि दोरा जाड घ्या, पुस्तक टायरगाडीतून जायचं आहे.